नोंदवहीपासून परिषदेपर्यंत



शेंदुर्णी, पहूर, नेरी, फत्तेपूर ही जामनेर तालुक्यातील गावे शेतीवर जगणारी. शेतात राबणाऱ्याला साप-विंचवाचे भय कायमचेच. दंश झालेला रुग्ण आरोग्य केंद्रात येतो, त्याची नोंद होते, उपचार होतात आणि नोंदवही कपाटात जाते. त्या नोंदी काय शिकवितात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

महाराष्ट्रातील एका ग्रामीण डॉक्टरांनी तो विचारला. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व मुले दगावत असत. डॉक्टरांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम व श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. ती निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाच्या उपयोगाचा लेख तेथेच १९८६ मध्ये आला. असंख्य प्राण वाचविणाऱ्या या उपचाराचा उगम एका आरोग्य केंद्रातील नोंदींत आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

अशा नोंदी अभ्यासकांपुढे नेण्याचा पहिला टप्पा म्हणजे सार्वजनिक आरोग्य परिषदेला पाठवावयाचा गोषवारा. परिषदेच्या कित्येक महिने अगोदर तो मागविला जातो. शब्दमर्यादा बहुधा अडीचशे ते तीनशे असते. तेवढ्यात चार गोष्टी याव्या लागतात : अभ्यास कशासाठी केला, कसा केला, काय आढळले आणि त्यावरून काय ठरते. परीक्षक पुष्कळदा लेखकाचे नाव न पाहता निवड करतात. म्हणून हुद्दा नव्हे, तर मजकूरच बोलतो. निवड झाल्यास निबंध वाचावयाचा असतो किंवा भित्तिपत्रकाद्वारे मांडावयाचा असतो.

गोषवारा नाकारला जाण्याची कारणे साधी असतात. ‘निष्कर्ष परिषदेत सांगण्यात येतील’ असे लिहिले, तर परीक्षकापुढे काहीच उरत नाही. ‘चाळीस टक्के रुग्ण उशिरा आले’ या वाक्यालाही एकूण रुग्ण किती आणि उशीर म्हणजे किती तास, हे सांगितल्यावाचून अर्थ नाही. पाचांपैकी दोन आणि पाचशेंपैकी दोनशे यांचे टक्के सारखेच, परंतु वजन निराळे. अभ्यासात दिसले त्याहून मोठे अनुमान काढणे हाही दोषच.

आणखी एक बंधन आहे. नोंदवही रुग्णाच्या विश्वासावर भरलेली असते. नाव, गाव वा ओळख पटविणारा तपशील बाहेर जाता कामा नये. कार्यालयाची अनुमती आणि नीतिविषयक समितीची मान्यता अभ्यासापूर्वीच घ्यावी. ज्या परिचारिकेने वा आशा कार्यकर्तीने अभ्यासात खरा वाटा उचलला, तिचे श्रेयही डावलू नये.

हे काम केवळ डॉक्टरांचे नाही. दंश किती वाजता झाला, रुग्ण आधी मांत्रिकाकडे गेला काय, वाहन केव्हा मिळाले, हे शिक्षक आणि पंचायत सदस्य सांगू शकतात. ही उत्तरे नोंदवहीत आली, तर वाहन कोठे उभे ठेवावे आणि औषधाचा साठा कोठे करावा, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. गोषवारा तीनशे शब्दांचा असेल. त्यामागे मात्र वेळेत पोहोचू न शकलेल्या एखाद्या शेतमजुराचे आयुष्य असते. ते नोंदवहीच्या एका ओळीत संपू नये.