कर्ता कोण?



ज्या सरांच्या स्मरणार्थ बडोद्यात आज आपण जमलो आहोत, त्यांच्याकडे मी याच वास्तूत तीन वर्षे मराठीचे व्याकरण शिकलो. आठवीत असताना आमच्या वर्गाच्या खिडकीची काच चेंडू लागून फुटली. वर्गप्रमुख या नात्याने मी लेखी निवेदन दिले : ‘काल दुपारी वर्गाची काच फुटली.’ सरांनी ते वाचले, ‘फुटली’खाली तांबड्या शाईने रेघ ओढली आणि समासात दोनच शब्द लिहिले : ‘कर्ता कोण?’ मी म्हणालो, ‘सर, काच हाच कर्ता आहे.’ सर हसले. म्हणाले, ‘व्याकरण बरोबर आहे. म्हणूनच तर तू हे क्रियापद निवडलेस.’

आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेवर आणि तिच्या कोठड्यांवर का बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु या प्रकरणात शिरलो तेव्हा मला जागोजागी सरांची ती तांबडी रेघ आठवत राहिली. सत्तेने लिहिलेला मजकूर कोणी वाचायचा, किती वाचायचा आणि त्यातला कर्ता कोणी शोधून काढायचा, असा हा प्रश्न आहे.

11 सप्टेंबर 2001 चा हल्ला झाल्यावर सहाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सी.आय.ए.ला संशयितांना पकडून स्थानबद्ध करण्याचा गुप्त अधिकार दिला. ही संस्था मुळात हेरगिरीसाठी 1947 साली स्थापन झालेली; तुरुंग चालवणे हे तिचे काम नव्हे. परदेशांत गुप्त कोठड्या उभ्या राहिल्या. मार्च 2002 मध्ये अबू झुबैदा हा इसम पाकिस्तानात पकडला गेला व त्याला थायलंडमध्ये नेण्यात आले. ऑगस्टमध्ये त्याच्यावर किमान 83 वेळा तो प्रयोग झाला, ज्याला ‘वॉटरबोर्डिंग’ म्हणतात : माणसाला फळीवर बांधावयाचे, तोंडावर फडके टाकावयाचे आणि बुडण्याची वेदना होईपर्यंत वरून पाणी ओतावयाचे. शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात त्याने एकंदर 266 तास काढले. इतर काही कैद्यांना 180 तासांपर्यंत, बहुधा उभे ठेवून, झोपू दिले नाही. नोव्हेंबर 2002 मध्ये अफगाणिस्तानातील कोठडीत गुल रहमान नावाचा कैदी कमरेखाली उघड्या अवस्थेत, काँक्रीटच्या फरशीवर साखळदंडांत मरण पावला. मृत्यूचे संभाव्य कारण थंडी.

या सगळ्याला कागदोपत्री नाव होते ‘एन्हान्स्ड इंटरॉगेशन टेक्निक्स’, म्हणजे वर्धित चौकशी-तंत्रे. मराठीत वृद्धी ज्ञानाची होते, संवर्धन वनांचे होते. त्या विशेषणात माणूस कोठे आहे? 1 ऑगस्ट 2002 रोजी न्यायखात्याच्या वकिलांनी दिलेल्या अभिमतात तर ‘छळ’ या शब्दाचा अर्थच इतका आखडून घेतला, की एखादे इंद्रिय निकामी होताना किंवा मृत्यूसमयी होणाऱ्या वेदनेच्या तोडीची वेदना असेल तरच तो छळ ठरावा. दोन वर्षांनी ते अभिमत मागे घेण्यात आले. विषयांतर होईल, पण आपल्या गावाच्या अभिमानापोटी सांगतो : सयाजीराव महाराजांच्या राज्याने 1931 साली शासनव्यवहारातील शब्दांचा आठ भाषांचा कोश छापला. राज्यकारभाराच्या शब्दांनाही ठरलेला अर्थ असावा, ही त्यामागची दृष्टी. वॉशिंग्टनच्या त्या वकिलांचे काम नेमके याच्या उलट दिशेने चालले होते.

आता कायदेमंडळाकडे वळतो. गुप्तचर संस्थांवर देखरेख ठेवणारी सिनेटची कायम समिती 1976 साली निर्माण झाली. फ्रँक चर्च यांच्या समितीने आदल्या वर्षी उघड केलेल्या गैरप्रकारांतून तो धडा घेतलेला होता. म्हणजे 2002 साली पहारेकरी नव्हता असे नव्हे. समितीच्या नेत्यांना या तंत्रांची कल्पना सप्टेंबर 2002 मध्ये, ती वापरून झाल्यावर देण्यात आली. उरलेल्या सभासदांना ती मिळाली 6 सप्टेंबर 2006 रोजी, स्वतः राष्ट्राध्यक्ष जाहीर भाषणात कार्यक्रमाची कबुली देण्याच्या काही तास आधी. चार वर्षे देखरेख म्हणजे काय, तर बंद खोलीत काही निवडक माणसांनी अधिकाऱ्यांचे तोंडी निवेदन ऐकणे. टिपणे बाहेर नेता येत नाहीत, सहकाऱ्यांशी बोलता येत नाही. असा श्रोता पुढे ‘मला माहीत नव्हते’ असेही म्हणू शकत नाही. त्याला गप्प करण्याचा याहून सोपा उपाय मला तरी सुचत नाही.

कोंडी फुटली ती एका अपराधामुळे. (पाहा, मीही ‘फुटली’च म्हणालो!) चौकशीच्या 92 चित्रफिती संस्थेने नोव्हेंबर 2005 मध्ये नष्ट केल्या आणि डिसेंबर 2007 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते छापले. चित्रफिती गेल्या तरी कोठडीतून रोज पाठवलेल्या तारांमध्ये सर्व नोंद आहे, असा खुलासा संचालकांनी केला. समितीने तो शब्द धरला. ठीक आहे, मग त्या तारा वाचायला द्या.

वाचायला सुरुवात झाल्यावर जे दिसले, त्याने समिती हादरली. मार्च 2009 मध्ये 14 विरुद्ध 1 मतांनी संपूर्ण अभ्यासाचा ठराव झाला. साठ लाखांहून अधिक पृष्ठांची कागदपत्रे! ती समितीच्या कचेरीत आली नाहीत, सी.आय.ए.ने भाड्याने घेतलेल्या जागेत, तिनेच दिलेल्या संगणकांवर समितीच्या मूठभर कर्मचाऱ्यांनी ती वर्षानुवर्षे वाचली. आधी दाखवलेली शेकडो कागदपत्रे 2010 मध्ये त्या संगणकांवरून नाहीशीही झाली. तरी वाचन थांबले नाही. आपल्याकडे हस्तलिखिते जुळवणाऱ्या संशोधकांची जी चिकाटी असते, त्याच जातीची ही चिकाटी होती.

अहवाल 6,700 पृष्ठांचा झाला, सुमारे 38,000 तळटीपांचा. या तळटीपाच मला त्याचा कणा वाटतात, कारण त्यांपैकी बहुतेक संस्थेच्याच कागदांकडे बोट दाखवतात. संस्था म्हणत होती, छळातून मिळालेल्या माहितीने कट उधळले. तिच्याच तारा सांगत होत्या, की ती माहिती अन्य मार्गाने आधीच हाती आली होती. कैदी 119 होते आणि त्यांपैकी किमान 26 जणांना संस्थेच्या स्वतःच्या निकषांनुसारही धरायला नको होते. एक तर मतिमंद होता. नातेवाइकावर दडपण आणावे म्हणून त्याला ठेवले होते. कैद्यांचा आकडा 98 च ठेवावा असे संचालकांनी सांगितल्याची एका अधिकाऱ्याची नोंद आहे. थायलंडमधील प्रसंग पाहून तेथील काही कर्मचाऱ्यांना रडू आवरेना, हेही तारेत आहे. त्याच रात्री लिहिलेल्या कागदाला उद्याच्या चौकशीची जाणीव नसते. म्हणून तो खरे बोलून जातो.

समितीतील रिपब्लिकन सभासदांनी आणि सी.आय.ए.ने घेतलेला आक्षेप येथे सांगितला पाहिजे : ज्यांनी हे केले त्यांच्या मुलाखतीच समितीने घेतल्या नाहीत. न्यायखात्याची फौजदारी चौकशी चालू असल्याने त्या वेळी त्या होऊ शकल्या नाहीत, हे समितीचे उत्तर. आक्षेप पोकळ नाही. कागद हेतू सांगत नाही, भीती सांगत नाही. पण ती फौजदारी चौकशी ऑगस्ट 2012 मध्ये कोणावरही खटला न भरता संपली, आणि मग राहिला तो कागदच.

पुढे तर वाचणाऱ्यांवरच पाळत आली. 11 मार्च 2014 रोजी समितीच्या अध्यक्षा डायॅन फाइनस्टाइन यांनी सिनेटमध्ये उभे राहून सांगितले, की सी.आय.ए.ने समितीच्या संगणकांची झडती घेतली आहे. संचालकांनी प्रथम साफ इन्कार केला. जुलैमध्ये संस्थेच्याच महानिरीक्षकाने पाच कर्मचाऱ्यांवर ठपका ठेवला आणि संचालकांना क्षमा मागावी लागली. या फाइनस्टाइन बाई गुप्तचर संस्थांच्या विरोधक म्हणून ओळखल्या जात नव्हत्या, उलट बहुतेक प्रसंगी त्यांनी त्यांची पाठराखणच केली होती. म्हणून त्या दिवशीच्या भाषणाचे मोल मला अधिक वाटते.

9 डिसेंबर 2014 रोजी सारांश प्रसिद्ध झाला, पाचशेंवर पृष्ठांचा. व्हिएतनाममध्ये स्वतः छळ सोसलेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी पक्षाची रेषा ओलांडून त्याचे समर्थन केले. परंतु पाने उलटताना व्याकरणाच्या शिक्षकाला काय दिसते? देशांची नावे नाहीत. कोठड्यांना रंगांची नावे. अधिकाऱ्यांना निदान टोपणनावे असावीत, म्हणजे एकच माणूस कोठे कोठे होता ते वाचकाला कळेल, असा समितीचा आग्रह होता. बहुतेक ठिकाणी टोपणनावांवरही काळी शाई फिरली. क्रियापदे राहिली, कर्म राहिले. कर्त्याच्या जागी काळी पट्टी.

या वाचनाने काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2015 साली मॅकेन आणि फाइनस्टाइन यांच्या दुरुस्तीने कायदा झाला, की सर्व सरकारी चौकशा लष्कराच्या नियमपुस्तिकेच्या मर्यादेतच व्हाव्यात. सिनेटमध्ये ती 78 विरुद्ध 21 मतांनी मंजूर झाली. पण चित्रफिती नष्ट करण्याच्या आदेशाचा मसुदा ज्यांनी तयार केला होता, त्या जीना हॅस्पेल यांना 2018 साली त्याच सिनेटने 54 विरुद्ध 45 मतांनी सी.आय.ए.च्या संचालक केले. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी ठेवतो. त्यांची बेरीज मला करता येत नाही.

आपल्याकडचे दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या इंटेलिजन्स ब्यूरोचा उगम 1887 चा, ‘रॉ’ 1968 ची. दोन्हींची स्थापना संसदेच्या कायद्याने झालेली नाही आणि त्यांच्यासाठी संसदेची स्वतंत्र देखरेख समितीही नेमली गेली नाही. 2011 साली मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणले होते. ते तसेच राहिले. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 साली सही केली, परंतु ती सही अनुसमर्थनापर्यंत पोहोचली नाही. त्यासाठी आणलेले विधेयक 2010 साली लोकसभेने मंजूर केले, राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि कालबाह्य झाले. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातून या संस्था वगळल्या, तरी मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांसंबंधी माहिती मागण्याची एक बारीक फट त्यात ठेवलेली आहे. आज सभागृहात बसलेल्या वकील आणि पत्रकार माजी विद्यार्थ्यांनी ते चोविसावे कलम एकदा मूळातून वाचावे.

अबू झुबैदाच्या वकिलांनी पोलंडमधील कोठडीविषयी साक्ष मागितली, ते प्रकरण मार्च 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे निकाली निघाले. तो तेथे होता हे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2014 सालीच निकालात लिहिले होते आणि वृत्तपत्रे वाचणाऱ्या कोणालाही ते ठाऊक होते. न्यायालयाने बहुमताने ठरवले, की सरकारने ते स्वतःच्या तोंडाने मान्य करण्याची सक्ती करता येणार नाही. त्या दिवसापर्यंत वीस वर्षे बंदिवासात काढलेल्या त्या माणसावर एकही आरोपपत्र ठेवलेले नव्हते.