भाऊबंदकी : देवासची आणि साहेबाची



धारच्या माणसाला देवासच्या व्यासपीठावर बोलावून मंडळाने धाडसच केले आहे. माझ्या आजीचे माहेर देवासचे, एवढ्या आधारावर मी उभा आहे. आजोबा धारचे. ते म्हणायचे, ‘आमच्याकडे राजा भोज होऊन गेला.’ आजी पोळी लाटता लाटता म्हणायची, ‘होऊन गेला ना? आमची देवी टेकडीवर अजून आहे.’ आजोबांनी दुसरे बाजीराव धारच्या किल्ल्यात जन्मल्याचे सांगितले, की ती एवढेच म्हणायची, ‘म्हणूनच पेशवाई बुडाली.’ पन्नास वर्षे हा सामना चालला. कोणी जिंकले नाही, आणि संसार उत्तम झाला.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी दुसराच सामना झाला. थोरल्या भावाचा मुलगा लंडनला असतो, धाकट्या भावाची मुलगी न्यू जर्सीत. दोघे फोनच्या पडद्यावर एकत्र आले आणि ‘चिप्स’वरून जुंपली. लंडनला चिप्स म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी, अमेरिकेत चिप्स म्हणजे आपले वेफर. मग फुटबॉल कशाला म्हणायचे, ‘कलर’च्या स्पेलिंगमध्ये यू हवा की नको, चहा कसा करावा, इथवर गाडी गेली. एक साहेबाची बाजू घेत होता, दुसरी अमेरिकेची. आम्ही सगळे हसत होतो. नंतर मनात आले, मराठी घरातली ही दोन मुले भांडत होती परक्यांच्या वतीने, आणि तेही इंग्रजीत. हा विषय तेव्हापासून डोक्यात आहे.

इंग्रज आणि अमेरिकन यांचे नाते आपल्याला परके नाही. ती भाऊबंदकीच आहे, आणि भाऊबंदकी कशी असते हे देवासला कोणी शिकवायला नको. १७२८ च्या सुमारास बाजीरावांबरोबर माळव्यात आलेले तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार हे सख्खे भाऊ. एकाची थोरली पाती, दुसऱ्याची धाकटी. आमचे धारचे पवार त्यांचे चुलतभाऊ. पुढे देवासच्या दोन पात्यांची दोन संस्थाने झाली, पण राजधानी एकच राहिली. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला एकाचा कारभार, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. पाणीपुरवठा वेगळा, दिवाबत्ती वेगळी. इंग्रज सरकारने सलामीच्या तोफा मात्र दोन्ही पात्यांना पंधरा-पंधराच दिल्या, आणि धारलाही तेवढ्याच. म्हणजे तोफा मोजून मोठेपणा ठरवायची सोय राहिली नाही. टेकडीवर पाहावे तर तिथेही एक थोरली माता आणि एक धाकटी. दर्शनाला जाणारा दोघींकडे जातो.

तिकडची वाटणी १७७६ ची. त्यांच्यात खऱ्या लढाया झाल्या, १८१४ मध्ये तर इंग्रजांनी वॉशिंग्टनचे व्हाइट हाउस जाळले. पण पुढे तोफांची जागा शब्दांनी घेतली. १८२८ मध्ये नोआ वेब्स्टरने अमेरिकेचा स्वतःचा मोठा कोश छापला आणि कित्येक शब्दांतली साहेबाची अक्षरे गाळून टाकली. इंग्रज म्हणतो, यांनी आमची भाषा बिघडवली. अमेरिकन म्हणतो, आम्ही ती सुधारली. गंमत अशी, की पानगळीच्या ऋतूला अमेरिकन ‘फॉल’ म्हणतो. हा शब्द मूळचा इंग्लंडचाच. साहेब तो विसरला, समुद्रापार गेलेल्या भावाने तो जपला.

इथे मला आपली आठवण येते. पुण्याच्या पाहुण्यांपुढे आपण ‘काय करून राहिलात?’ असे विचारले, की ते गालात हसतात. पोह्यांवर शेव पाहिली की भुवई वर जाते. अहो, त्यांच्या हिशेबाने आपण मराठीचे अमेरिकन! घर सोडून लांब गेलो, इथल्या मातीत मिसळलो, मालवीचे आणि हिंदीचे शब्द घेतले. पण आजीच्या तोंडचे कितीतरी जुने शब्द मला पुण्यात कोणाकडून ऐकायला मिळत नाहीत. तेव्हा पाहुणे हसले तर हसू द्यावे, आणि आणखी थोडी शेव वाढावी.

भाऊबंदकीची दुसरी खूण म्हणजे उसनवारी. वेगळ्या चुली मांडल्या तरी विरजण भावाच्याच घरून येते. याचा एक दाखला याच गावातला आहे. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९१२-१३ च्या हिंदुस्थानच्या प्रवासात देवासला येऊन गेला, आणि १९२१ मध्ये काही महिने थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांचा खासगी चिटणीस होता. इथली गोकुळाष्टमी त्याने पाहिली. एका गावातली दोन दरबारांची तऱ्हा पाहून त्याला गंमत वाटली. त्या आठवणींचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले, त्याला नाव दिले आपल्या टेकडीचे : ‘द हिल ऑफ देवी’. त्याआधी १९२४ मध्ये त्याची हिंदुस्थानवरची कादंबरी आली, ‘ए पॅसेज टु इंडिया’. ते नाव त्याने कुठून घेतले? वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीच्या कवितेवरून! आपल्या दोन पात्यांना हसणारा साहेब, वेळ आली तेव्हा धाकट्या पातीच्या दारात वाटी घेऊन उभा राहिला. यात मी त्याची थट्टा करत नाही. थोर लेखकाचे हे लक्षणच आहे.

उसनवारीने माणूस लहान होत नाही, हे आपण अगदी जवळून पाहिले आहे. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. त्याच वर्षी एक आजारी तरुण गायक देवासला हवापालटासाठी येऊन राहिला. बेळगावकडचे कुमार गंधर्व. क्षयामुळे गाणे बंद होते. कानावर पडत होती ती मालवी लोकगीते. ती त्यांनी मनात साठवली, आणि बरे झाल्यावर त्यांतून रागसंगीताला नवे काही दिले. कानडी घरातला, मराठी बोलणारा माणूस मालवीचा ऋणी झाला, आणि देवासकर तेव्हापासून त्यांना आपले म्हणतात. आमच्या धारला त्याचा थोडा हेवा वाटतो, तो आज मी जाहीरपणे मान्य करतो.

मग काळजी कशाची? भांडणाची नाही. काळजी आहे ती भांडायची भाषा हरवण्याची. थट्टा करायला समोरच्याचे घर आतून माहीत असावे लागते. साहेब आणि अमेरिकन एकमेकांना चिडवू शकतात, कारण शेक्सपिअर दोघांचाही आहे. आजी-आजोबांचे जमले, कारण राजा भोज आणि टेकडीची देवी दोघांनाही ठाऊक होती. पुढच्या पिढीला हे ठाऊक नसेल, तर धार आणि देवास यांच्यातला वाद मिटेल खरा, पण तो समेट नसेल. वाद घालायला कोणी उरले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून त्या दिवशी चिप्सचे भांडण थांबवून मी मुलांना दोन पात्यांची गोष्ट सांगितली, मराठीत, अडेल तिथे थांबत. न्यू जर्सीची मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिने मोडक्या मराठीत विचारले, ‘काका, पणजीचे घर रस्त्याच्या कोणत्या बाजूला होते?’

मंडळी, मला उत्तर देता आले नाही. पन्नास वर्षे त्या दोघांचा वाद ऐकला, पण आजीला हे विचारायचे राहून गेले. आता घरात सांगणारे कोणी नाही. या सभेत जुनी मंडळी बसली आहेत. आजीच्या माहेरचे आडनाव मी चहाच्या वेळी सांगतो. कोणाला आठवत असेल तर सांगा, म्हणजे आज रात्रीच मुलीला फोन करीन. आणि तुमच्या घरी विचारायचे जे राहिले असेल, ते आज घरी गेल्यावर विचारून घ्या.