तारवात राहिलेला जब्दी

आज आपण मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली 16 ते 20 ही वचने पाहू. गालील समुद्राचा किनारा. शिमोन आणि अंद्रिया जाळे टाकत आहेत. थोडे पुढे याकोब आणि योहान तारवात जाळी नीट करत आहेत. येशू बोलावतो आणि चौघेही निघतात.

या चौघांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. मला बोलायचे आहे ते मागे राहिलेल्या माणसाविषयी. याकोब-योहानाचा बाप जब्दी. त्या प्रसंगात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही.

1986 साली याच समुद्राच्या चिखलात साधारण त्या काळातले एक तारू सापडले. सुमारे 8 मीटर लांब, पुनःपुन्हा डागडुजी केलेले. असे तारू म्हणजे अख्ख्या घराचे पोट. मुले ते सोडून गेली. पण मार्क एक बारीक नोंद करतो: बापाजवळ मजूर होते. म्हणजे म्हातारा अगदी एकटा पडला नाही. आणि लगेच 29व्या वचनापासून पाहा, येशू या चौघांसह शिमोनाच्याच घरी जातो, तापाने पडलेल्या त्याच्या सासूला बरे करतो.

सेवेसाठी घर सोडून परप्रांतात गेलेल्यांनो, पाचारणाला किंमत असते आणि ती घरचेही मोजतात. जब्दीने मुलांना अडवले, असे कुठेही लिहिलेले नाही. आज प्रार्थनेत आपल्या आईबापांचे नाव आधी घ्या, मग त्यांना फोनही करा. आमेन.