पुडिंग कापणारे दोघे

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्री या बाईंचं चित्रांचं दुकान होतं. नवं व्यंगचित्र काचेमागे लागलं की रस्त्यावर गर्दी व्हायची. ती चित्रं काढणारा जेम्स गिलरे त्याच घरात राहायचा. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेघा ओढायच्या, त्या आम्लात खोल करायच्या, छापायचं आणि मग प्रती हातानं रंगवायच्या, असं ते काम.

26 फेब्रुवारी 1805 ची तारीख असलेलं त्याचं एक चित्र मला फार मोलाचं वाटतं. नेपोलियननं त्याच जानेवारीत इंग्लंडच्या राजाकडे तहाची बोलणी लावली होती. गिलरेनं काय दाखवलं? टेबलावर वाफाळतं प्लम पुडिंग, आणि ते पुडिंग म्हणजे पृथ्वीचा गोल. एकीकडे लाल गणवेशातला काटकुळा ब्रिटिश पंतप्रधान पिट. त्याच्या हातात त्रिशूळासारखा काटा. तो समुद्राचा मोठा तुकडा कापून घेतोय. समोरचा नेपोलियन खुर्चीतून अर्धवट उठून तलवारीनं युरोप तोडतोय. त्याचा काटा रुतलाय हॅनोवरमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्याच वडिलोपार्जित मुलखात. हा नेपोलियन अगदी बुटका आहे. प्रत्यक्षात त्याची उंची त्या काळच्या चारचौघांइतकीच होती, पण गिलरेच्या चित्रांनी तो लोकांच्या मनात कायमचा ठेंगणा करून टाकला.

या हावरेपणाची झळ आपल्याकडेही पोचली होती. शिंद्यांच्या कवायती फौजेत फ्रेंच अधिकारी होते, त्यांची इंग्रज गव्हर्नर जनरल वेलस्लीला धास्ती होती. 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धामागचं ते एक कारण.

गिलरेला 1797 पासून सरकारी मानधन मिळू लागलं होतं. तरी त्याचा पिट नेपोलियनइतकाच अधाशी आहे. गिलरेचा मोठेपणा मला इथं दिसतो.

हा बाणा जुनाच. 1792 च्या एका चित्रात त्यानं दोन माणसं शेजारी शेजारी बसवली. फाटक्या कपड्यांतला हडकुळा फ्रेंच माणूस कच्चा कांदा चावत स्वातंत्र्याचे गोडवे गातोय. शेजारी गलेलठ्ठ इंग्रज भाजलेल्या गोमांसाचा भलामोठा तुकडा कापता कापता करांच्या नावानं खडे फोडतोय, सरकार आपल्याला उपाशी मारणार म्हणून. चित्र विकत घेणारं गिऱ्हाईक इंग्रजच होतं, पण गिलरेनं त्या पोटाचा घेर तसूभरही कमी केला नाही.