मास्तरांची नोंद

(मंडळाच्या शिक्षक-सत्कार समारंभात श्रावण महिन्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२५ मध्ये ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन गणेशोत्सवातच आला, तोही अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी आपण हैदराबादकर कुठे असणार होतो हे सांगायला नको. कोणी खैरताबादच्या रांगेत, कोणी मंडपात, कोणी दुसऱ्या दिवशीच्या ट्रकची व्यवस्था बघण्यात. म्हणून मंडळाने हा सत्कार आधीच, श्रावणात उरकला, हे फार चांगले केले. नाहीतर गणपतीच्या गर्दीत गुरुजी मागे राहिले असते.

मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, मी शिक्षक नाही. मी डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला माणूस. शाळेत जातो तो शिकवायला नाही, भिंत मोजायला. छताची दुरुस्ती किती चौरस मीटर झाली, स्वच्छतागृहाला टाइल किती लागल्या, हे मोजून मेजरमेंट बुकात लिहायचे, हे माझे काम. आमच्या खात्यात एम. बी. म्हणजे देववाणी. एम. बी.त नोंद असेल तर काम झाले, नोंद नसेल तर डोळ्यांसमोर उभी असलेली भिंतसुद्धा झालेली नाही.

हीच सवय घेऊन शाळांतून हिंडताना एक प्रश्न मनात घर करून बसला. भिंतीची नोंद माझ्या वहीत होते. त्या भिंतीच्या आत जे गुरुजी शिकवतात, त्यांच्या कामाची नोंद कोणत्या वहीत होते?

आपल्या तेलंगणातल्या सरकारी शाळांच्या २०२२ पासूनच्या बातम्या आठवून बघा. २०२२ साली 'मन ऊरु – मन बडी' योजना आली. शहरात तिचे नाव 'मन बस्ती – मन बडी'. आपले गाव, आपली शाळा. शाळांच्या इमारती, पाणी, वीज, फर्निचर यांसाठी ७,२८९ कोटी रुपयांची योजना. त्याच वर्षी सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम सुरू झाले. २०२४ मध्ये 'अम्मा आदर्श पाठशाला' समित्या आल्या. गावातल्या महिला बचत गटांकडे शाळेच्या किरकोळ दुरुस्तीचे काम सोपवले गेले. आमच्यासारख्यांना त्यामुळे नवे शिकायला मिळाले. ताई-अक्का दारात उभ्या राहून सिमेंटच्या गोण्या मोजायच्या, तिथे मेस्त्रीची काय हिंमत कमी मसाला वापरायची!

मग डी.एस.सी. आली. ११,०६२ जागांची जाहिरात. ९ ऑक्टोबर २०२४ ला एल. बी. स्टेडियमवर दहा हजारांहून अधिक नव्या शिक्षकांना नेमणुकीची पत्रे मिळाली. २०१७ नंतरची ही पहिली भरती. सात वर्षे वाट बघून वय निघून चाललेली मुले त्या दिवशी स्टेडियमवर रडत होती, हे आपण टीव्हीवर पाहिले.

आणि त्यानंतरची बातमी म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून शिक्षकांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या ॲपवर लागते आहे. मोबाइल समोर धरायचा, ॲप चेहरा ओळखते, हजेरी लागते. हजेरी वेळेवर लागावी याला कोणाची हरकत असायचे कारण नाही. आम्हा सरकारी नोकरांना त्याची सवय आहे. पण ॲप फक्त चेहरा ओळखते. त्या चेहऱ्यामागचा माणूस दिवसभर काय करतो, हे ओळखायला दुसरी माणसेच लागतात. आजचा सत्कार त्यासाठी आहे, असे मी समजतो.

सरकारकडेही ओळखण्याची एक पद्धत आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिला जातो. प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि ५० हजार रुपये. २०१८ मध्ये त्याचे नियम बदलले. पूर्वी वरून शिफारस लागे, आता शिक्षकाने स्वतः ऑनलाइन अर्ज भरायचा. मग जिल्हा समिती, राज्य समिती, शेवटी राष्ट्रीय पातळीवरची निवड समिती. वशिला कमी व्हावा म्हणून हा बदल झाला आणि तो चांगलाच आहे. त्याचे फळही दिसते. आपल्या जुन्या, अखंड आदिलाबाद जिल्ह्याकडे बघा. २०२१ मध्ये आसिफाबाद जिल्ह्यातल्या सावरखेड्याच्या शाळेतले रंगय्या कडर्ला, २०२३ मध्ये आदिलाबादच्या भीमपूर मंडलातल्या निपाणी शाळेतले संतोषकुमार भेडोडकर आणि मंचेरियाल जिल्ह्यातल्या रेब्बनपल्ली हायस्कूलच्या अर्चना नुगुरी. राजधानीपासून इतक्या दूरच्या या शाळा. सावरखेडा, निपाणी ही नावे ऐकली की आपल्याला आपल्याच मुलखात आल्यासारखे वाटते ना?

पण या पद्धतीत एक अडचण राहते. अर्ज स्वतः भरायचा म्हणजे स्वतःच्या कामाचे फोटो, व्हिडिओ, कागद जमवायचे, आपणच आपली बाजू मांडायची. जो गुरुजी एकटाच चार इयत्ता सांभाळतो, मधल्या जेवणाचा हिशेब ठेवतो, मतदारयादीचे काम करतो, त्याला हे सुचणार कधी? आणि सुचले तरी आपल्या मराठी मास्तरांचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. आपल्या तोंडाने आपली स्तुती करायची म्हणजे त्यांना घाम फुटतो.

आता मी आपल्या घरच्या विषयाकडे येतो. तेलंगणात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, हे हैदराबादमधल्या नव्या पिढीला सांगितले तर खरे वाटत नाही. आदिलाबाद आणि आसिफाबादच्या सीमेवरच्या मंडलांत त्या आहेत. पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद, पलीकडे यवतमाळ. १ नोव्हेंबर १९५६ ला निजामाच्या जुन्या राज्याची वाटणी झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट तालुके तिकडे गेले, बाकीचा मराठी बोलणारा मुलूख इकडे राहिला. माणसे जिथे होती तिथेच राहिली, रेघ मात्र हलली. त्याच वर्षी राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. आपल्या राज्याने ती सोय ठेवली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मराठीत पाठ्यपुस्तके छापली जातात, दहावीची परीक्षा मराठीतून देता येते, शिक्षक भरतीत मराठी माध्यमाच्या वेगळ्या जागा असतात.

मग अडते कुठे? सीमेवरच्या एका शाळेत दुरुस्तीचे माप घ्यायला गेलो होतो. मराठी बोलतो म्हटल्यावर तिथल्या गुरुजींनी आधी चहा मागवला. मी छताकडे बघत होतो. ते म्हणाले, "साहेब, छत गळतंय ते गळू द्या, आम्ही बाक सरकवून घेतो. मी पुढच्या वर्षी रिटायर होतोय. माझ्या जागेवर मराठीचा माणूस येईल का, ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हते. ते काही माझ्या एम. बी.तले काम नव्हते.

नंतर मी या प्रश्नाचा जरा पाठपुरावा केला. तेव्हा जे कळले, ते तुम्हाला सांगण्यासाठीच आज मी उभा आहे. २०१८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या ९५ टक्के जागा स्थानिकांसाठी असतात. स्थानिक कोण? ज्याने पहिली ते सातवीमधली किमान चार वर्षे त्या जिल्ह्यात शिक्षण घेतले तो. नियम न्याय्य आहे, आपल्याच मुलांच्या भल्याचा आहे. पण सीमेवर त्याचे काय होते बघा. गावातल्या मराठी शाळेतले गुरुजी निवृत्त झाले, जागा रिकामी राहिली. ज्या आई-बापांना मुलाला मराठीतूनच शिकवायचे, ते त्याला नदी ओलांडून महाराष्ट्रात मामाकडे पाठवतात. मूल तिकडे शिकते, मोठे होते, डी.एड. करते. मराठी उत्तम, गावाचे मूळ, घर इथेच. पण प्राथमिक शिक्षण तिकडे झाले, म्हणून इथल्या जागेसाठी ते स्थानिक नाही. जे मूल गावातच राहिले ते तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात गेले, त्याला मराठीतून शिकवता येणार नाही. म्हणजे आज एक मराठी गुरुजी गेला की वीस वर्षांनी त्या जागेवर येणारा गुरुजीही आजच गेला. शाळेला कुलूप लागायच्या कितीतरी आधी शाळा बंद झालेली असते. कागदावर जागा असते, माणूस नसतो.

म्हणून मराठी माध्यमाच्या शिक्षकाचा सत्कार हा नुसता नारळ-शालीचा विषय नाही. त्याच्या वर्गातून उद्याचा एक तरी मराठी शिक्षक निघाला, तर ती शाळा पुढची पिढी बघेल. तेच त्याचे सर्वात मोठे काम, आणि नेमके तेच कुठल्याही अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण महाराष्ट्रातले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दहा लाख डॉलरचे बक्षीस, त्यातले अर्धे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिले, हे सर्वांना माहीत आहे. पुस्तकांवरचे क्यूआर कोडही माहीत आहेत. पण एक गोष्ट कमी लोकांच्या ध्यानात आहे. त्यांच्या शाळेतल्या मुलांच्या घरची भाषा कन्नड होती, आणि गुरुजींनी पुस्तके मुलांच्या भाषेत आणली. महाराष्ट्रातला मराठी शिक्षक कन्नड मुलांसाठी हे करतो आणि जग त्याला डोक्यावर घेते. तेलंगणात मराठी मुलांसाठी हेच काम रोज चालू आहे. त्याची दखल निदान हैदराबादच्या मराठी माणसाने तरी घ्यावी की नाही?

आपल्या शहराला हे नवे नाही. निजामाच्या काळात सरकारी शिक्षण उर्दूत होते, तेव्हा केशवराव कोरटकर, वामनराव नाईक अशा मंडळींनी विवेकवर्धिनी उभी केली. ही मंडळी पेशाने शिक्षक नव्हती. पण मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे, हे काम शिक्षकांवर सोडून स्वस्थ बसायचे नाही, एवढे त्यांना कळत होते.

मी सरकारी माणूस, मला मोठे भाषण जमत नाही, यादी जमते. म्हणून मंडळापुढे तीन कामे ठेवतो.

पहिले काम. पुढच्या वर्षीपासून सत्काराच्या यादीत किमान एक नाव सीमेवरच्या मराठी शाळेतले असावे. त्यांना इथे बोलावण्याआधी आपण तिथे जावे. आदिलाबादला रात्रीच्या गाडीने पोहोचता येते. वर्गात तासभर बसावे, मुलांशी बोलावे, मग शाल द्यावी.

दुसरे काम. आपल्यात संगणकावर काम करणारी शेकडो तरुण मुले-मुली आहेत. गच्चीबावली, माधापूर मराठी माणसांनी भरले आहे. त्यांनी एका-एका शिक्षकाचे पालकत्व घ्यावे. फोटो, कागद नीट लावून द्यावेत, अर्ज भरायला मदत करावी. अर्ज गुरुजींचाच, पण हात आपला.

तिसरे काम सर्वात महत्त्वाचे. गावातच शिकलेल्या, म्हणजे स्थानिक ठरणाऱ्या मुला-मुलींपैकी ज्यांना शिक्षक व्हायचे आहे, त्यांच्या डी.एड.ची फी आणि टेट परीक्षेची पुस्तके मंडळाने द्यावीत. वर्षाला एक मूल धरले तरी चालेल. आपल्या मंडपाच्या रोषणाईत दोन माळा कमी लावल्या तर बाप्पा रागावणार नाही. तो विद्येचा देव आहे.

तेलुगूत मास्तरांना पंतुलु म्हणतात, आपल्या जुन्या मराठीत पंतोजी. या दोन शब्दांत जेवढे अंतर आहे, तेवढेच त्या सीमेवरच्या दोन शाळांत आहे. फळा एक, खडू एक, मुलेही एकाच गावची. दोघांचाही मान राखला गेला पाहिजे. पण पंतुलुगारूंच्या मागे सगळे राज्य उभे आहे. पंतोजींच्या मागे उभे राहायला आपल्याखेरीज दुसरे कोणी नाही.

सर्व सत्कारमूर्तींना माझा नमस्कार. 

गणपती बाप्पा मोरया!