कुपीतला पीएच: कारखान्यापासून वॉर्डापर्यंत



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे पिंपरीत मनःपूर्वक स्वागत करतो. इंजेक्शनच्या औषधांचा पीएच टिकवण्याविषयी बोलायला याहून योग्य गाव मला सुचत नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने इथेच पेनिसिलिन बनवले, आणि पेनिसिलिन तर पीएचच्या बाबतीत फार हळवे.

बेंझाइलपेनिसिलिनचे द्रावण साधारण सहा ते सात पीएचला सर्वांत जास्त टिकते. पीएच फार खाली गेला किंवा फार वर गेला, तर त्याचे बीटा-लॅक्टम कडे झपाट्याने तुटते. तुटल्यावर तयार होते तेही आम्लच. त्याने पीएच आणखी घसरतो आणि उरलेले औषधही बिघडू लागते. म्हणून कुपीत कोरडी पूड भरतात, सोबत सायट्रेट बफर घालतात. एवढे करूनही एकदा पाणी घातले की कुपी फ्रिजमध्ये ठेवून ठरलेल्या मुदतीत संपवावी लागते.

बफर घातले म्हणजे निश्चिंत झालो, असे मात्र मी मानत नाही. सोडियम फॉस्फेटचे बफर सातला बसवून लायोफिलायझरमध्ये ठेवा. गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन वेगळे पडते आणि पीएच चारच्या आसपास उतरू शकतो. त्यात प्रथिनाचे औषध असेल, तर त्या नाजूक प्रथिनाचे नुकसान तेवढ्यात होऊन जाते. नंतर पाणी घालून मोजले, तर मीटर पुन्हा सातच दाखवतो! क्यूसीच्या कागदावर काहीच बिघडलेले नसते. अशा प्रथिनांसाठी हिस्टिडीन बफरचा विचार आधी व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि वॉर्डाचे काय? फेनिटॉइनच्या इंजेक्शनचा पीएच १२च्या आसपास असतो. घाईत ते डेक्स्ट्रोजच्या बाटलीत मिसळले गेले, तर औषधाचे स्फटिक बाहेर पडतात. ते नॉर्मल सलाइनमध्येच द्यायचे, हे फॉर्म्युलेशन करणाऱ्याइतकेच सिस्टरलाही माहीत हवे. म्हणूनच या वेळी रुग्णालयांतील फार्मासिस्ट आणि परिचारिकांना आम्ही आग्रहाने बोलावले आहे. त्यांचे विशेष स्वागत.

सर्व वक्त्यांना माझी एकच विनंती आहे. ज्या बॅचचा आलेख सरळ गेला तिच्याबद्दल जरूर सांगा. पण स्टॅबिलिटी चेंबरमध्ये जिचा पीएच सरकला, तिच्याबद्दल आधी सांगा, आकड्यांसह सांगा.