गोफणीचा अंदाज आणि यंत्राचे गणित



खानदेशात ज्वारीचे कणीस दाण्यावर आले की शेतात माळा उभा राहतो. राखणदार त्यावर चढून गोफण फिरवितो आणि दगड नेमका पाखरांच्या थव्याकडे जातो. गोफणीची दोरी कोणत्या क्षणी सोडायची, हे त्याच्या मनगटाला ठाऊक असते. मनगटाचे हे ज्ञान यंत्राला शिकविणे म्हणजेच मोटारीवर चालणारे चेंडूफेक यंत्र घडविणे होय.

हा पोरखेळ नव्हे. आशिया-प्रशांत देशांतील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी ‘रोबोकॉन’ ही यंत्रमानवांची स्पर्धा २००२ पासून भरत आली आहे. २००८ मध्ये ती पुण्यात झाली, तेव्हा विषय होता दहीहंडीचा. २०२२ मध्ये नवी दिल्लीत विषय होता लगोरी! गल्लीबोळांतील मुलांचा खेळ अनेक देशांच्या तरुणांनी अभ्यासला आणि चेंडू मारून थर पाडणारी यंत्रे उभी केली. २०२५ मध्ये मंगोलियात यंत्रमानव बास्केटबॉल खेळले. तेथेही कस लागला तो चेंडू अचूक फेकण्याचाच.

यंत्राची रचना वरकरणी सोपी आहे. रसवंतीच्या चरकात दोन लाटा उलटसुलट फिरून ऊस आत ओढतात, तशीच येथे रबर चढविलेली दोन चाके परस्परविरुद्ध फिरतात. त्यांच्यातील अंतर चेंडूच्या व्यासापेक्षा थोडे कमी ठेवले की चेंडू दाबला जाऊन वेगाने बाहेर पडतो. पंधरा सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे पावणेसोळा मीटर भरतो. चेंडू थोडा घसरतो, म्हणून त्याला वेग त्याहून काहीसा कमी मिळतो. दोन मोटारी, एक बॅटरी, पीव्हीसी नळीचा तुकडा आणि लोखंडी चौकट एवढ्यावर काम भागते. जळगाव, बांभोरी, धुळे वा शिरपूर येथील महाविद्यालयांच्या कार्यशाळेत यातील काहीही अशक्य नाही.

खरी परीक्षा तिसऱ्या चेंडूपाशी सुरू होते. पहिला चेंडू लक्ष्यावर बसतो, दुसरा थोडा अलीकडे पडतो, तिसरा त्याहून अलीकडे. का? प्रत्येक चेंडू चाकांची थोडी ऊर्जा घेऊन जातो. चाकांनी पुन्हा पूर्ण वेग घेण्याआधीच पुढचा चेंडू आत गेला, तर तो कमी वेगाने सुटतो. बॅटरी उतरत जाते ती वेगळीच. अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला दहा मीटर वेगाने पंचेचाळीस अंशांत फेकलेला चेंडू, हवेचा विरोध सोडला तर, सुमारे दहा मीटर जातो. वेग केवळ पाच टक्क्यांनी घटला की तोच चेंडू जवळजवळ एक मीटर अलीकडे पडतो! यावर उपाय आहेत. चाके जड करावीत, फेरे मोजणारा संवेदक बसवावा, वेग भरून आल्याखेरीज चेंडू सोडू नये. चाकांवर जाळी आणि हाताशी बंद करण्याची कळ हवीच.

अंतिम वर्षाचा प्रकल्प आज तयार विकत मिळतो, हे आता लपून राहिलेले नाही. नोकरीची चिंता, मुलाखतींची धावपळ आणि पालकांची ओढाताण यांमुळे हा मोह होतो, हेही खरे. परंतु परीक्षकाने ‘तिसरा चेंडू अलीकडे का पडला?’ असे विचारले, तर विकत घेणाऱ्यापाशी उत्तर नसते. ज्याने पन्नास चेंडू फेकून प्रत्येकाची खूण जमिनीवर मांडली, त्याच्यापाशी ते असते; आणि कारखान्याला हवा असतो तो असाच माणूस.

याच खानदेशात, १८८४ मध्ये मुंबई प्रांताच्या सेवेत शिरलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांवर पांझरेच्या पात्रातून नळाचे सायफन टाकण्याचे काम आले. पुराने काम अडविले, तरी त्यांनी ते तडीस नेले. पुढे ते देशाचे महान अभियंते झाले. पण त्यांच्या घडणीचा पहिला धडा या मातीतला, पुराच्या गाळातला होता.

चुकलेला चेंडू ही लाज नव्हे, ती नोंद आहे. ती वहीत उतरवा, कारण शोधा आणि चाक पुन्हा फिरवा. गोफणीच्या या मुलखातील यंत्राचा नेम चुकता कामा नये!